चाकांवरचे न्हाणीघर

भोपाळ शहराच्या नैर्ऋत्य अंगास, कोटरा सुलतानाबादला खेटून, भदभद्याकडे जाणाऱ्या वाटेवर आमचे नेहरू नगर वसले आहे. एका बाजूस राजा भोजाचे नाव सांगणारा मोठा तलाव, दुसऱ्या बाजूस कलियासोतचे पाणी, आणि मध्ये उंचसखल, खडकाळ जमीन. जवळच्याच टेकडीवर १९८२ साली स्थापन झालेले भारतीय वन प्रबंध संस्थान आहे. त्याचे देखणे वास्तुसंकुल अनंत राजे या मराठी वास्तुशिल्पकाराने रचलेले आहे, ही गोष्ट येथील मराठी माणसांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. पावसाळ्यात भदभद्याचे दरवाजे उघडले की सारे शहर पाणी पाहावयास लोटते. हिवाळ्यात मात्र हेच पाणी वैऱ्यासारखे वाटू लागते. जानेवारीत रात्रीचा पारा सरासरीने दहा अंशांच्या आसपास असतो. उत्तरेकडून थंडीची लाट आली की तो पाचाच्याही खाली जातो. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर गारठलेले पाणी पहाटे अंगावर घेण्याचे धैर्य तपस्व्यांनाच शोभावे!

या शहरात मराठी माणूस मोठ्या संख्येने आला तो १ नोव्हेंबर १९५६ नंतर. नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथल्या कचेऱ्यांतील कारकून, शिक्षक, अभियंते आपापली बिऱ्हाडे घेऊन येथे उतरले. नागपूरकरांची वऱ्हाडी धाटणी, ग्वाल्हेरकरांची दरबारी आदब आणि इंदूरकरांची खाण्याची हौस यांचे मिश्रण म्हणजे भोपाळची मराठी मंडळी. त्यांच्या सामानात देव, पाटा-वरवंटा आणि पितळी डबे यांच्या बरोबरीने एक वस्तू हमखास असे. ती म्हणजे तांब्याचा बंब.

आजच्या मुलांनी बंब पाहिला असेल तर तो दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेला. म्हणून त्याची रचना येथे सांगितली पाहिजे, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे. बंब म्हणजे बाहेरून उभे पिंप आणि त्याच्या पोटातून आरपार गेलेले एक नळकांडे. नळकांड्याच्या तळाशी जाळी. तिच्यावर लाकडाच्या ढलप्या, कोळसे, नारळाच्या करवंट्या पेटवावयाच्या. जाळ नळकांड्यातून वर जातो आणि सभोवार असलेले पाणी तापते. अग्नी मध्ये, पाणी भोवती, दोहोंमध्ये तांब्याचा पातळ पत्रा. एका बाजूने गार पाणी ओतावे, तेवढेच कढत पाणी दुसऱ्या बाजूच्या तोटीतून बाहेर पडावे. दिवाळीतले अभ्यंगस्नान, बाळंतिणीचे न्हाणे, तापातून उठलेल्या मुलाचे अंग पुसणे, ही सारी कार्ये या एका भांड्याने पार पाडली.

पुढे वसाहतीतील अंगणे आकसली, सरपण महागले, धूर शेजाऱ्यांना खपेना. बंबाची जागा विजेच्या कांडीने, मग विजेच्या गीझरने, आणि गेल्या काही वर्षांत अनेक घरांत गॅसच्या गीझरने घेतली. भिंतीवर टांगलेली ती पेटी, तोटी फिरवताच भक् आवाज करून पेटणारी निळी ज्योत, आणि क्षणात ऊन पाणी. गृहिणींना हे यंत्र वरदानच वाटले, आणि ते काही अंशी खरेही आहे.

गेल्या जानेवारीत आमच्या गल्लीत एक नवल अवतरले. शेजारच्या माईंचे पुण्याचे एक आप्त, निवृत्त यांत्रिकी अभियंते, आपल्या पत्नीसह सांची, भीमबेटका आणि पचमढी पाहण्यासाठी निघाले होते. ते आले ते आपले घर बरोबर घेऊनच! मोठ्या मालमोटारीच्या सांगाड्यावर निजावयाचे फळकुट, स्वयंपाकाचा ओटा आणि कोपऱ्यात न्हाणीघर. इंग्रजीत यास मोटारहोम म्हणतात. अमेरिकेत व युरोपात अशी वाहने फार. आपल्याकडे त्यांचा प्रघात आता कोठे पडू लागला आहे. चार दिवस हे चाकांवरचे घर माईंच्या फाटकासमोर उभे होते, आणि शाळकरी मुलांपासून पेन्शनरांपर्यंत साऱ्यांनी त्याचे दर्शन घेतले. माईंनी विचारले, "अहो, यात न्हाणीघर आहे खरे, पण ऊन पाण्याचे काय? बंब कोठे पेटवता?" पाहुणे हसून म्हणाले, "माई, बंबच आहे. फक्त आडवा निजवलेला आहे. या, दाखवतो."

त्यांनी आम्हांस वाहनाच्या बाहेरच्या अंगास नेले. तेथे भिंतीत बसवलेले एक लहानसे झरोक्यांचे दार होते. ते उघडताच आतील यंत्र दिसले. जेमतेम तेवीस लिटरांची टाकी, तिच्या तळातून घोड्याच्या नालासारखे वळून परत आलेले एक नळकांडे, आणि त्याच्या तोंडाशी गॅसची ज्योत. जाळ नळकांड्याच्या एका तोंडातून आत शिरतो, टाकीतील पाण्याच्या पोटातून फिरतो आणि जळून उरलेला वायू दुसऱ्या तोंडातून थेट बाहेरच्या हवेत जातो. आमच्या आजीचा बंब आणि हे परदेशी यंत्र यांचे कूळ एकच आहे, हे पाहून आम्हांस मोठी मौज वाटली. गार पाणी पंपाच्या दाबाने तळाशी शिरते आणि वरचे कढत पाणी तोटीकडे ढकलते. हाही बंबाचाच न्याय.

फरक आहे तो पहारेकऱ्यांचा. बंबाजवळ आजी बसलेली असे. येथे तिचे काम चार-पाच साधनांत वाटून दिले आहे. आतल्या भिंतीवरील कळ दाबली की बॅटरीच्या विजेवर एक झडप उघडते, गॅस येतो आणि ठिणगी पडते. ज्योत खरोखर लागली की नाही, हे ज्योतीत धरलेली एक कांडी ओळखते. लागली नसेल तर काही सेकंदांतच गॅस बंद होतो. पाणी साठ अंशांच्या सुमारास तापले की उष्णतानियामक ज्योत विझवतो. तो बिघडला तर ऐंशीच्या थोडे वर दुसरा नियामक सारेच बंद पाडतो. आणि तोही फसला, तर शेवटची सुटका करणारी दाबाची झडप आहे. कुकरच्या सुरक्षा-झडपेची ही थोरली बहीण. बंदिस्त टाकीस तिची गरज का, हेही समजून घेण्यासारखे आहे. पंधरा अंशांचे पाणी साठ अंशांवर नेले की ते शेकडा दीडहून थोडे अधिक फुगते. तेवीस लिटरांत ही वाढ पेलाभराहून जास्त भरते. उघड्या बंबात हे पाणी मुकाट्याने वर चढते. बंद टाकीत त्यास वाट हवी. म्हणून टाकीच्या माथ्याशी थोडी हवाही राखलेली असते.

तेवीस लिटर पाणी दोन माणसांस पुरते कसे? येथे शाळेतले गणित उपयोगी पडते. साठ अंशांच्या पाण्यात पंधरा अंशांचे गार पाणी मिसळून चाळीस अंशांचे स्नानाचे पाणी केले, तर तेवीस लिटरांचे सुमारे एक्केचाळीस लिटर होतात, म्हणजे दोन बादल्या. ते तापावयास अर्धा तास लागतो आणि गॅस जळतो शंभर-सव्वाशे ग्रॅम. वाहन चालू असताना आणि पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी ही ज्योत विझवलीच पाहिजे, असा या घराचा कडक नियम आहे.

परदेशी यंत्रे प्रोपेनवर का चालवतात, हे आम्ही विचारले. प्रोपेन शून्याखाली बेचाळीस अंशांवरही द्रवातून वायुरूप होतो. ब्यूटेन मात्र शून्याच्या जरासा खाली येताच द्रवरूप होऊन बसतो. कॅनडाच्या हिवाळ्यात ब्यूटेनचे सिलिंडर भरलेले असूनही चूल पेटावयाची नाही. आपल्या घरच्या सिलिंडरात या दोहोंचे मिश्रण असते आणि भोपाळच्या थंडीस ते पुरून उरते. अति थंड देशांत हिवाळ्यापूर्वी टाकीतले पाणीही काढून टाकावे लागते, नाहीतर बर्फ होऊन ती फुटते.

पाहुण्यांनी ज्योतीच्या नळीवर बसवलेली बारीक जाळी दाखवली. कुंभारीण माशी आणि कोळी यांना अशा नळ्या घर करावयास फार आवडतात. मातीचे एक घरटे हवेची वाट अडवते, निळी ज्योत पिवळी होते आणि काजळी धरू लागते. "गुरुजी, निळी ज्योत म्हणजे पोटभर हवा मिळालेली ज्योत. पिवळी दिसली की समजावे, तिचा श्वास कोंडतो आहे. आणि तिचा श्वास कोंडला की आपला कोंडावयास वेळ लागत नाही," असे ते म्हणाले.

या वाक्याने आम्ही गंभीर झालो, त्यास कारण होते. दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्याच शाळेतील बारावीची एक विद्यार्थिनी सकाळी स्नानास गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. हाकांना उत्तर नाही, पाण्याचा आवाज मात्र चालू. भावाने दार फोडले, तेव्हा ती जमिनीवर निपचित पडलेली. थंडी येऊ नये म्हणून खिडकीची फट कापडाने बुजवलेली होती आणि भिंतीवर गॅसचा गीझर जळत होता. मोकळ्या हवेत आणून वेळेवर इस्पितळात नेल्याने मुलगी वाचली. पुढे तिने आम्हांस सांगितले, "सर, डोके जड झाले, हे कळत होते. कडी काढावी असेही वाटत होते. पण हातच उचलत नव्हता." घराचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, असे स्नानगृह आपल्यापैकी कोणाच्याही घरी असू शकते.

भोपाळमध्ये 'गॅस' हा शब्द साधा नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री शहराच्या उत्तरेकडील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे बळी पडली. तो वायू हवेपेक्षा सुमारे दुप्पट जड. म्हणून तो जमिनीलगत पसरत वस्त्यांत शिरला. जुने भोपाळकर अजूनही सांगतात, मिरच्यांची धुरी दिल्यासारखे डोळे जळू लागले आणि लोक धावत सुटले. त्या शहरातील माणसास वायूचे भय शिकवावे लागू नये. परंतु भय ज्याचे असते त्याची ओळख नीट नसली, तर ते भय कुचकामी ठरते.

आपल्या स्वयंपाकघरातील गॅसही हवेपेक्षा दीड ते दोन पट जड आहे. तो गळला तर जमिनीवर साचतो, आणि म्हणूनच पाहुण्यांच्या वाहनात सिलिंडरचा कप्पा बाहेरून उघडणारा व तळाशी भोके असलेला होता. या गॅसला मुळात वास नाही; गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र द्रव्य मुद्दाम मिसळतात. इतकी काळजी गॅस न जळता सुटेल, या भयाने घेतलेली आहे. स्नानगृहातला घात मात्र गॅस जळताना होतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निपजतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. वजनाने तो जवळजवळ हवेइतकाच, म्हणून खोलीभर सारखा मिसळतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी चिकटतो. चौऱ्याऐंशीच्या रात्री माणसे निदान धावू शकली. हा वायू धावण्याची शक्तीच आधी हिरावून घेतो.

त्या रात्री आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चार फूट लांब, सहा फूट रुंद आणि आठ फूट उंच असे स्नानगृह धरले, तर त्यात सुमारे ५,४०० लिटर हवा मावते. मिनिटास सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गीझर मिनिटाला सुमारे सतरा ग्रॅम गॅस जाळतो, आणि तेवढ्यासाठी त्यास दोनशेहून अधिक लिटर हवा लागते. दहा मिनिटांत दोन हजार लिटरांहून जास्त! म्हणजे खोली बंद असेल, तर एका संथ स्नानात ज्योत खोलीतल्या हवेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग वापरून टाकते, आणि जळून उरलेला वायू तेथेच सोडते. त्याच हवेत माणूस उभा असतो. एकामागून एक तिघे-चौघे न्हाऊन निघाले, तर शेवटच्याच्या वाट्यास काय उरत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. आपल्या घरांत शेवटी न्हाते कोण, हेही वेगळे सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी माईंचे न्हाणीघर पाहिले. गीझर आत, दारामागे. झरोक्यात वर्तमानपत्राचे बोळे. पाहुण्यांनी तो बाहेर काढण्याविषयी सुचवताच माई म्हणाल्या, "इतकी वर्षे काही झाले नाही. मुलाने हौसेने पाठवलेल्या पैशांतून बसवला आहे. आता भिंत कोठे फोडू?" माईंचे वय सत्त्याहत्तर, घरात त्या एकट्या, आणि स्वभाव ग्वाल्हेरचा; मोडेन पण वाकणार नाही. गणित सांगून त्या मानतील, असे आम्हांस वाटेना.

तेव्हा आम्ही त्यांस इतकेच विचारले, "माई, तुमच्या सासूबाई बंब कोठे पेटवत?"

"कोठे म्हणजे? मागल्या पडवीत. न्हाणीत कोणी जाळ करते का? कोंडून मरावयाचे आहे की काय!"

बोलता बोलता माई थांबल्या. काही वेळ त्या भिंतीवरच्या पेटीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही विस्तव घरात आणला आणि वर झरोकाही बुजवला."

विषयाचे सारे मर्म त्या एका वाक्यात आले. बंब परसात किंवा पडवीत पेटे आणि ऊन पाणी तेवढे बादलीतून न्हाणीत जाई. वाहनातील यंत्रातही अग्नीची सारी ये-जा बाहेरच्या बाजूस, आणि आतल्या न्हाणीत येते ते केवळ पाणी. मधल्या काळात सोय पाहताना आम्ही विस्तव आणि माणूस यांना एका कडीकुलपात कोंडले. यंत्र वाईट नाही. त्याची जागा चुकली.

दोन दिवसांत गवंडी आणि नळकाम करणारा मिस्त्री आला. गीझर मागल्या पडवीत, पावसाचा मारा लागणार नाही अशा कोनाड्यात गेला, आणि पाण्याची नळी भिंतीतून आत आली. दीड हाताचे काम! माईंना खर्चाहून धुळीचा त्रास अधिक झाला, असे त्या अजून सांगतात. झरोक्यातील बोळे त्यांनी स्वहस्ते काढले. गल्लीतील आणखी तीन घरांनी तेच केले. भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका कुटुंबास घरमालकाने भिंत फोडू दिली नाही. त्यांनी गीझर काढून ठेवला आणि चुलीवर पातेले चढवले. आम्हांस तोही निर्णय शहाणपणाचाच वाटतो.

ज्यांना गीझर लगेच हलवता येत नाही, त्यांनी आधी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार काही वेळ उघडे ठेवावे आणि मगच स्नानास जावे. झरोका कधीही बुजवू नये. ज्योत पिवळी दिसली तर मिस्त्रीस बोलवावे. न्हाताना डोके जड झाले, मळमळले, पाय लटपटले, तर पाणी तसेच टाकून बाहेर यावे. मुले आणि वृद्ध आत असताना कडी लावू नये. लाज राखण्यास पडदा पुरतो.

पाहुणे पाचव्या दिवशी भीमबेटक्याकडे निघाले. तेथील शैलाश्रयांत आदिमानवाने हजारो वर्षांपूर्वी चित्रे काढली आहेत. अशा उघड्या कपारीच्या तोंडाशी शेकोटी केली, तर धूर आपोआप आभाळात जातो. माईंनी प्रवासासाठी लाडवांचा डबा दिला आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बंब माळ्यावर आहे. येत्या दिवाळीस काढा, चिंचेने घासून देईन. पडवीत पेटवू."